बाबांच्या दंडावरचा कापूस

पासष्टी ओलांडलेले बाबा इतवारीच्या बाजारात पोत्यांची हातगाडी ओढतात. गेल्या वर्षी फ्लूच्या लशीसाठी त्यांना दवाखान्याच्या दारात सोडून मी कॉलेजला गेलो. संध्याकाळी त्यांच्या दंडावर कापूस चिकटवलेला होता. तरी हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला.

यंदा मी आत सोबत गेलो. डॉक्टरांनी मागच्या लशीचं विचारलं, तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "नाही घेतली गा म्या."

मी विचारलं, "मग तो कापूस?"

"घरूनच नेला होता. सुईनं ताप येते. मंग गाडी कोण ओढन?"

"मी ओढतो दोन दिवस," मी म्हणालो.

"तू? पोत्यासंगं तूच पडशीन," बाबा म्हणाले आणि त्यांनी बाही वर केली.