होबर्ट टॅकेट बंदूक मागायला जातो

केंटकीच्या आमच्या कोपऱ्यात पानगळ संपली की डोंगर उघडे पडतात आणि उन्हाळाभर झाडांआड दडलेली घरं एकमेकांना दिसू लागतात. त्या नोव्हेंबरात मला ओढ्यापलीकडच्या टॅकेटांच्या घरातला दिवा रात्रभर दिसायचा. आधी स्वयंपाकघरात लागायचा आणि विझायचा. मग न्हाणीघरात लागायचा, तोही विझायचा. कुणीतरी लावत होतं आणि कुणीतरी मागोमाग विझवत होतं.

लावणारी डेल्फीकाकू होती. विझवणारा तिचा नवरा, होबर्टकाका.

होबर्टकाकाची उमर कोळशाच्या खाणीत गेली. गुडघे गेल्यावर त्याने मागच्या छपरीत एक बाक टाकला आणि खोऱ्यातल्या बंदुका दुरुस्त करू लागला. पण लोक दुरुस्तीपेक्षा सल्ल्यासाठीच जास्त यायचे. रात्री घरात कोण शिरलं तर जवळ काय असावं, हे विचारायला. काका सरळ उत्तर कधी द्यायचा नाही. तंबाखूचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचा आणि आपणच विचारायचा, "घरात कोण कोण झोपतं? पोरांची खोली कुठल्या भिंतीपलीकडं? रात्री पाणी प्यायला कोण उठतं?" विचारणारा कंटाळून जायचा. त्याला बंदुकीचं नाव हवं असायचं आणि काका त्याच्या घराचा नकाशा काढत बसलेला असायचा.

एकदा रॅन्सम व्हॅन्स नवं कोरं पिस्तूल घेऊन आला. नळीखाली बसवलेली छोटी बॅटरी, खटका दाबला की भिंत पांढरी होईल असा उजेड. रॅन्समची छाती फुगलेली. काकाने पिस्तूल हातात घेतलं, रिकामं केलं, दोनदा तपासलं आणि परत दिलं. छपरीचा दिवा मालवला.

"आता लाव तुझी बॅटरी," काका म्हणाला, "आणि दारात कोण आलंय ते शोध."

रॅन्समने उजेड फिरवला. दारात डेल्फीकाकू कॉफीचे पेले घेऊन उभी होती.

"कोण आहे?"

"काकू आहे की."

"आणि तुझी नळी कुठं आहे?"

रॅन्समने हात असा खाली घेतला की जणू चटका बसला.

"बघितलंस?" काका म्हणाला. "याने बघायचं तर आधी नेम धरावा लागतो. पोलिसाला हे ठीक. तो दुसऱ्याच्या घरात शिरतो. तू स्वतःच्या घरात असतोस, तिथं निम्म्याहून जास्त वेळा समोर आपलंच माणूस निघतं. बॅटरी दुसऱ्या हातात धर. आधी बघ, मग ठरव."

"आणि पुढच्या वेळी शोधायला स्वतःची बायको आण," काकू पेले ठेवत म्हणाली. "माझ्या कॉफीला थरथर सुटली."

काकाचं दुसरंही एक काम होतं आणि त्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नसे. एखाद्याची बायको वारली, एखाद्याची खाण बंद पडली, कुणी दारूच्या आहारी गेला, की काका संध्याकाळी त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचा. कुत्र्यांबद्दल बोलायचा, गवताबद्दल बोलायचा. उठताना म्हणायचा, "काही दिवस तुझी बंदूक मी सांभाळतो." बस, एवढंच. तो माणूस आत जायचा आणि आणून द्यायचा. कुणी नाही म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. पुढे त्याने परत मागितली की काका तेल लावून, पुसून परत द्यायचा. का, कशाला, बरं वाटतंय का, असलं काही विचारायचा नाही. मागून घ्यायची आणि मागितली की द्यायची, हा त्याचा नेम होता. पुढे तो सगळ्या खोऱ्याचाच झाला.

मग काकाचंच डोकं विझू लागलं. आधी नावं गेली. मग संध्याकाळ झाली की तो स्वतःच्या घरात बसून म्हणायचा, "चल, घरी जाऊ या आता." त्याच सुमारास खोऱ्यात चोऱ्या सुरू झाल्या. कुणाच्या गोठ्यातून करवती गेल्या, एका म्हाताऱ्या मास्तरीणबाईंच्या कपाटातली दुखण्याच्या गोळ्यांची बाटली गेली. सगळं खोरं एक कान उघडा ठेवून झोपू लागलं. काकाच्या डोक्यात बाकी काही ठरत नव्हतं, पण चोर मात्र पक्का बसला. त्याने रिव्हॉल्व्हर उशीखाली घेतली आणि घरातले दिवे मालवू लागला. चोराला आपण दिसू नये म्हणून.

एके दिवशी सकाळी डेल्फीकाकू कुंपणाशी आली. अंगात काकाचा कोट, डोळे तांबारलेले.

"एस्टिल, काल रात्री त्याने माझ्यावर धरली."

माझ्या हातातली बादली मी खाली ठेवली.

"न्हाणीघरातून येत होते. अंधारात पलंगामागून आवाज आला, कोण आहे? मी म्हटलं, मी डेल्फी. तर म्हणतो, डेल्फी माहेरी गेलीय. तू कोण? घोडा ओढल्याचा आवाज आला मला. मग काय, उभीच राहिले. बोलत राहिले. त्याच्या आईचं नाव, कुत्र्यांची नावं, आमच्या लग्नात पाऊस गळत होता ते. शेवटी त्याचा हात दुखला असेल, म्हणून खाली घेतला."

"काढून घ्या काकू ती. आजच घ्या."

"घेतली होती रे. पिठाच्या डब्यात लपवली. तर त्याला वाटलं, चोर येऊन नेली. रात्रभर छऱ्यांची बंदूक मांडीवर घेऊन बसला. मीच परत उशीखाली ठेवली. गोळ्या काढून बघितल्या, तर रोज संध्याकाळी गोळ्यांची चक्री उघडून बघतो. डोकं विसरलं त्याचं, हात नाही विसरले."

ओहायोतली त्यांची लेक फोनवर रडत होती, शेरीफला बोलवा म्हणत होती. काकू म्हणाली, "अंधारात पायऱ्यांवर बूट वाजले, तर दोघांतला एक जिवंत राहायचा नाही. मग कोणता राहील ते बघायला मी कशाला बोलवू?" आणि तरी चोरांचं भय तिलाही होतंच. घर रस्त्याच्या टोकाला, मदत यायची तर पहाट व्हायची. तिला घरात बंदूक हवी होती. फक्त त्याच्या हातात नको होती. पण हिसकावून घ्यायलाही तिचा जीव धजत नव्हता. "आख्ख्या खोऱ्याने ज्याच्या हातात आपल्या हातानं दिली," ती म्हणाली, "त्याची मी ओढून घेऊ?"

पुढचे काही दिवस ती स्वयंपाकघरात खुर्चीवर झोपली. मी माझ्या खिडकीशी. तो दिवा लागला की मी उठून बसायचो आणि विझला की जीव कानात गोळा व्हायचा.

मग एका दुपारी तिने मला जेवायला बोलावलं. मक्याचा पाव, घेवड्याचं कढण, वर चिरलेला कच्चा कांदा. काका टेबलाशी नीट बसला होता, दाढी केलेली. काकूने त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली,

"होबर्ट, एका बाईला सल्ला हवाय. या खोऱ्यातलीच आहे."

काकाने पाव कढणात बुडवता बुडवता मान वर केली. "काय म्हणते?"

"रात्री घरात काय ठेवावं म्हणते."

"घरात कोण कोण झोपतं?"

मी हातातला पाव ताटात ठेवला.

"ती आणि नवरा," काकू म्हणाली. "नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नसतं. रात्री उठतो. बायकोला ओळखत नाही."

"त्याच्याजवळ बंदूक आहे?"

"उशीखाली."

काकाने चमचा खाली ठेवला. "मग ती बाई बंदूक कसली निवडतेय? आधी त्याची बाहेर काढा. घरात दिवे लावा, वाटेत, न्हाणीघरात, सगळीकडे. अंधार म्हणजे त्या माणसाला सगळेच चोर. बाईच्या हातात बॅटरी द्या, नुसती बॅटरी. बंदुकीचं नंतर."

"तो देत नाही म्हणते."

"मागितली कुणी?"

काकूने पदराने हात पुसावेत तसे ॲप्रनला पुसले. आधी पुसलेलेच होते.

"कुणी मागितलीच नसणार," काका उठत म्हणाला. "लपवली असेल. माणसाची वस्तू लपवतात म्हणजे काय? एस्टिल, गाडी काढ. मी जाऊन मागतो त्याला."

मी काकूकडे बघितलं. तिने डोळ्यांनीच जा म्हटलं.

डोक्यावर टोपी घालून काका माझ्या पिकअपमध्ये बसला. मी खोऱ्याच्या रस्त्याने निघालो. चर्च गेलं, बंद पडलेली खाण गेली, पुलाचा फाटा आला. कुठं जायचंय हे त्याने विचारलं नाही आणि मला सांगता येत नव्हतं. डोंगरामागे ऊन चाललं होतं. मी विचार करत होतो की आपण कशासाठी निघालोय तेच तो आता थोड्या वेळाने विसरेल, मग मी त्याला घरी नेईन आणि रात्र पुन्हा तशीच येईल. पण तो पुटपुटत होता, "रागावून बोलायचं नाही. कुत्र्यांवरून काढायचं." फाट्याशी मी गाडी वळवली. दुसरं घर मला सुचेना.

त्याच्याच दारात आम्ही उतरलो तेव्हा उजेड करडा झाला होता. काका पायऱ्यांशी थबकला, घराकडे बघत राहिला. "छप्पर बरं ठेवलंय हं माणसाने," म्हणाला. मग ओसरीवर चढला, टोपी काढली आणि स्वतःच्या दारावर टकटक केली.

काकूने दार उघडलं.

"नमस्कार बाई. मी होबर्ट टॅकेट, वरच्या अंगाला राहतो. तुमचे यजमान आहेत का?"

ती चौकट धरून उभी होती. तिच्या तोंडाकडे मला बघवेना.

"नाहीत," ती म्हणाली. "बाहेर गेलेत."

"हरकत नाही. भला माणूस आहे तो, मी ऐकून आहे. ही वेळ कुणावरही येते. त्याला म्हणावं, होबर्ट आला होता आणि म्हणाला, काही दिवस तुझी बंदूक मी सांभाळतो."

"सांगते. तुम्हाला नाही म्हणायचे नाहीत ते."

ती आत गेली आणि रिव्हॉल्व्हर घेऊन आली, दोन्ही हातांवर धरून, देवळात द्यावी तशी. काकाने ती घेतली. चक्री उघडली, गोळ्या तळहातावर ओतल्या, नळी उजेडाकडे धरून बघितली.

"चांगली निगा राखलीय," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "ही तुझ्याकडे राहू दे एस्टिल. माझं कपाट भरलंय. आणखी काही आहे घरात बाई?"

आणखी होतं. एकेक करून तिने सगळं ओसरीवर आणलं. काका प्रत्येक बंदूक उघडून, रिकामी करून माझ्या हातात देत गेला. शेवटी वीस बोअरची एकनळी बंदूक आली तेव्हा तो थांबला.

"ही तुमच्यापाशी ठेवा. मधून मोडून उघडते, एकच काडतूस बसतं, घोडा अंगठ्याने ओढल्याशिवाय उडत नाही. घाईत चूक करायला वावच मिळत नाही हिच्यात. कुलपात ठेवा. काडतुसं आणि किल्ली तुमच्या अंगावर. आणि आधी बॅटरी, बरं का. डाव्या हातात, अंगापासून दूर. नाव विचारा. उजेडात तोंड दिसल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही."

"आणि तोंड ओळखीचं निघालं तर?"

"मग उजेड खाली घ्या," काका म्हणाला. "डोळ्यांवर मारू नका. त्यालाही भीती वाटत असणार."

काकू हसली, का रडली, मला अंधारात कळलं नाही. "जेवून जा," ती म्हणाली. "कढण आहे."

"नको. माझी बायको वाट बघत असेल."

"तिला मी निरोप देतो काका," मी म्हणालो. "तुम्ही बसा."

तो संकोचत आत गेला आणि परक्या घरी बसावं तसा खुर्चीच्या कडेवर बसला.

त्या रात्री टॅकेटांच्या घरी सगळे दिवे जळत होते. कुणी विझवले नाहीत. पुढच्या आठवड्यात काकूने गावातून हातात मावेल अशी एक बॅटरी आणली आणि भिंतीत खोचायचे, अंधार पडला की आपोआप लागणारे छोटे दिवे. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत लावून घेतले. ती आता पलंगावर झोपते, पण गाढ झोपते असं मी म्हणणार नाही.

मला वाटलं होतं की निदान माझी तरी झोप परत येईल. पण एका सकाळी काका ओढा ओलांडून माझ्या ओसरीवर आला. डोळे स्वच्छ होते, मला नावाने हाक मारली. बसला, माझ्या कुत्र्याचे कान खाजवले आणि म्हणाला, "माझी रिव्हॉल्व्हर तुझ्याकडे आहे म्हणे."

"आहे."

"कुणी दिली तुला?"

"तुम्हीच."

"मी कशाला देईन?"

मागितली की द्यायची. त्यानेच घातलेला नेम, आणि मागणारा तोच. कपाट माझ्या पाठीमागे होतं. खोटं बोलता आलं असतं, सकाळ सरली की तो विसरलाच असता. पण त्याचं तोंड बघून मला ते जमेना.

"काका, रात्री तुम्ही काकूला ओळखत नाही. तुम्ही तिच्यावर धरली होती."

त्याचा हात कुत्र्याच्या डोक्यावरच थांबला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ओढ्याचं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

"लागलं नाही ना तिला?"

"नाही."

"मग राहू दे अजून तुझ्याकडे," तो म्हणाला आणि काठी टेकत उतरून गेला.

काही दिवसांनी तो पुन्हा आला. तसाच बसला, तेच विचारलं. त्याच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं. मी पुन्हा सांगितलं आणि त्याचं तोंड पुन्हा तसंच उतरलं. आता तो येतच राहतो. ओढ्यावरच्या फळीवर त्याचे बूट वाजले की मी काम टाकून उठतो आणि कपाटाला पाठ लावून उभा राहतो. आजवर दर वेळी त्याने तेच म्हटलंय, राहू दे. पण म्हणण्याआधी तो गप्प बसतो, आणि ते गप्प बसणं दर वेळी थोडं लांबत चाललंय.