गुहेपाशी न थांबलेली बस

प्रल्हाद गजभिये गेल्याचं त्याच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या लायब्ररीबाहेर गाडीत बसलो होतो. "काका, बाबा गेले. पहाटे, झोपेतच." मी गाडी सुरू केली, पुन्हा बंद केली. रडू येण्याआधी मला आठवली ती थायलंडमधली बस…

प्रल्हाद नागपूरचा, मी पुण्याचा. एकाच ऑफिसात वर्षानुवर्षं शेजारी बसलो आणि मागेपुढे रिटायर झालो. आमच्या ज्येष्ठांच्या ग्रुपच्या सहली मी ठरवायचो. जगात कुठेही जा, दुपारी वरण-भात मिळालाच पाहिजे, ही मंडळींची अट. प्रल्हाद म्हणायचा, "तू टूर नाही काढत यार, खानावळ फिरवतोस."

फुकेतची सहल ठरली तेव्हा बाकीच्यांना समुद्रातून वर आलेले चुनखडीचे सुळके, स्पीडबोटी, बेटं असं सगळं हवं होतं. प्रल्हादने एकच गोष्ट मागितली. फांगन्गाच्या वाटेवर एका डोंगराच्या गुहेत निजलेल्या बुद्धांची मोठी सोनेरी मूर्ती आहे, तिथे थांबायचं. "फोटो नाही काढायचा मला. शांत बसून वंदना म्हणायची, बस."

त्या सकाळी त्याची बायको, सुनंदावहिनी, गुडघा धरल्यामुळे लॉबीत जरा उशिरा उतरल्या. वाटेत गाइड माझ्याजवळ येऊन म्हणाला, गुहेपाशी थांबलो तर भारतीय रेस्टॉरंटमधला बुफे आवरून ठेवतील. एक फोन केला असता तर त्यांनी जेवण ठेवलं असतं. मी म्हणालो, "स्किप करा." मग माइक घेऊन सांगितलं, "निघायलाच उशीर झाला मंडळी, गुहा कॅन्सल." मी कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. सगळ्यांनी वळून वहिनींकडे पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "चला, वरण तरी गरम मिळेल." हशा पिकला. वहिनी हळूच म्हणाल्या, "माझ्यापायी झालं हो." प्रल्हाद खिडकीबाहेर मागे पडणारा डोंगर बघत होता. "असू दे," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी दोघंच येऊ."

पुढचं वर्ष त्याच्या किमोथेरपीत गेलं.

तिथे गणपतीचं देऊळ असतं, तर मी वरण थंड होऊ दिलं असतं. हे मला त्या बसमध्येही कळत होतं, आणि तरीही मी निवांत जेवलो.

प्रल्हादच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वहिनी बोलायला उभ्या राहिल्या. "त्यांनी आयुष्यात फार काही मागितलं नाही," त्या म्हणाल्या. "एक मागितलं, ते माझ्या गुडघ्यापायी राहून गेलं." बसमधले बहुतेकजण समोर बसले होते. मीही होतो. उठलो नाही.

काही दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. गाइडचं, बुफेचं, आणि गणपतीचंही. वहिनी मेथी निवडत होत्या. हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, तेव्हा माइकवर बोलला होतात. आता माझ्या एकटीच्या कानात सांगता?"

म्हणून हे लिहितो आहे. त्या बसमध्ये असलेल्यांनी कृपा करून वाचावं. त्या दिवशी वेळ होता. थांबायचं नाही, हे मी ठरवलं; आणि दोष वहिनींवर जाताना दिसत असूनही जाऊ दिला.

त्यांच्या घराची बेल मी कधी वाजवली नव्हती. प्रल्हादची खुर्ची टीव्हीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून असायची. गाडी लागलेली दिसली की तो उठायचा, आणि मी पायरीशी पोचेपर्यंत दार उघडलेलं असायचं. खुर्ची अजून तशीच आहे. वहिनींना सांगायला गेलो त्या दिवशीही सवयीने मी बंद दारासमोर बराच वेळ नुसता उभा होतो… हे छापून आलं की पुन्हा जाईन, बेल वाजवीन. दार उघडायचं की नाही, ते आता वहिनींनी ठरवावं.