जोडपं पाहिजे

‘जोडपं पाहिजे’ ही जाहिरात लेकीनं मोबाईलवर पाठवली, तेव्हा मी शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढलो होतो. गाळ काढायला आत उतरणार, तेवढ्यात खिशात मोबाईल थरथरला. नगरच्या सावेडी भागात मुलींचं वसतिगृह. देखभालीसाठी नवरा-बायको हवेत. राहायला दोन खोल्या. मी टाकीवरूनच ओरडलो, “अगं ए! सावेडी! खोल्यापन हायेत!”

बायको खाली बादली धरून उभी होती. म्हणाली, “आदी उतरा. पडलात तर जोडप्यातलं येकच ऱ्हाईल. मग मला कोन घेतंय?”

पाथर्डीपासून आत, एका निवासी शाळेत मी कंत्राटी शिपाई होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कंत्राट पुढं चालणार नाही, असं कळवलं गेलं होतं. शाळेनं दिलेली खोलीही तेव्हाच जाणार होती. लेक नगरला नर्सिंगला, परक्याच्या घरात एक कॉट भाड्यानं घेऊन राहत होती. दिवसभर अभ्यास करायची आणि संध्याकाळी फोनवर विचारायची, “आई, आज कालवणाला काय केलंय?” म्हणजे ही जागा मिळाली तर आम्ही तिघं एका छपराखाली येणार होतो. मला त्या दिवशी गाळ काढताना वासही आला नाही. मी टाकीत उभा राहून गाणं म्हणत होतो आणि टाकीत आवाज घुमत होता.

तयारी लेकीनं करून घेतली. रोज फोन यायचा, मोबाईल मधे ठेवून आम्ही दोघं पोरांसारखे त्याच्यापुढं बसायचो.

“पप्पा, ‘जादा वेळ थांबाल का?’ असं विचारलं तर काय सांगाल?”

“हो.”

“बघा! लगेच हो म्हणायचं नाही. आधी विचारायचं, महिन्यातून किती वेळा, कशासाठी. सगळीकडं असंच सांगितलंय.”

“अगं, आपण उलटं विचारलं तर समोरचा म्हणतो, पुढच्याला बोलवा.”

“तुज्या बापाला ‘हो’ सोडून दुसरं येतं का?” बायको म्हणाली आणि लसूण सोलायला लागली.

बोलणं हसण्यावारी गेलं. मला मात्र ते लागलं, कारण ते खरं होतं आणि किती खरं होतं ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. निदान मला तसं वाटायचं.

आमच्या भागात ऊस तोडायला जाणाऱ्यांना ‘कोयता’ काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. माझे आईबाप एक कोयता होते, आणि लग्नानंतरची काही वर्षं आम्ही दोघंही. मुकादम, म्हणजे टोळी नेणारा, पुरुषाशी बोलायचा. “आनखी येक गाडी लागलीय, भरायची का?” मी म्हणायचो, “भरू की.” मग उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायला दोघं. ‘भरू’ म्हणताना मी तिच्याकडं कधी पाहिलं नाही. कुणीच पाहायचं नाही. जिभेला काम एकाचं आणि मानेला दोघांचं.

मी बारावीपर्यंत शिकलेलो, म्हणून शाळेत शिपाई झालो. मुलाखतीत तोच प्रश्न. जादा वेळ थांबाल का? हो साहेब. नेमणूक माझी एकट्याची होती. पण स्वयंपाकाची बाई आली नाही की मुख्याध्यापक माझ्याकडं बघायचे, मी हो म्हणायचो आणि खोलीवर जाऊन सांगायचो, “चल गं, पोरं उपाशी हायेत.” ती यायची. पोरांना ताप आला की ती. गॅदरिंगला दोन गावचे पाहुणे आले की ती. मी काही अगदी बसून राहायचो असं नाही. पाणी भरायचो, सामान आणायचो. पण ते माझं ठरलेलंच काम होतं. जादा जे होतं ते सगळं तिचं.

एका सव्वीस जानेवारीला माझा सत्कार झाला. ‘कर्तव्याच्या पलीकडे जाऊन, वेळेची पर्वा न करता’ असं माईकवर म्हणाले आणि माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. त्या वेळी ती मागं शेडमध्ये बुंदी पाडत होती. टाळ्या तिलाही ऐकू गेल्या असणार. मी मान खाली घालून बसलो. लोकांना वाटलं, किती विनयी माणूस. घरी आल्यावर तिनं शाल हातात घेतली, पोत बघितला आणि पेटीत ठेवली. एक शब्द बोलली नाही. मीही नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मी पेटी उघडली की शालीवर दुसरं काहीतरी ठेवायचो.

आणि मुलाखतीच्या दिवशी मी काय करावं? तीच शाल काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि बरोबर घेतली. जादा वेळ थांबण्याचा याहून मोठा पुरावा माझ्याकडं कुठं होता?

“ही कशाला?” तिनं विचारलं.

“दाखवायला.”

“थंडीची घ्यायची तर अंगावर तरी घ्या,” एवढंच म्हणाली.

एसटीवर पाटी अहिल्यानगरची होती, कंडक्टर ‘नगर नगर’ ओरडत होता. बायकांना अर्धं तिकीट. त्यानं एक पूर्ण आणि एक अर्धं फाडून दिलं. बायकोनं आपलं तिकीट उलटंसुलटं बघितलं. “घ्या. सरकारनं बी मला अर्धा कोयताच धरलाय.” पलीकडच्या सीटवरची म्हातारी खदखदून हसली. करंजी घाट उतरेपर्यंत दोघी एकमेकींच्या माहेरची माणसं जुळवत होत्या. मी मनात घोकत होतो. हो मॅडम. कधीही मॅडम. लग्न ठरवायला गेलो तेव्हाही एवढं घोकलं नव्हतं.

वसतिगृह बघूनच मी हरखलो. तीन मजली, रंग नवा, दारात बोगनवेल. मागच्या बाजूला त्या दोन खोल्या. दाराला कुलूप होतं, तरी बायकोनं खिडकीच्या काचेवर हाताची ओंजळ धरून आत बघून घेतलं. “वटा हाय,” ती कुजबुजली. “उभ्यानं सैपाक व्हईल.” तिचे डोळे असे चमकत होते, की मला भीतीच वाटली. ही जागा गेली तर?

मुलाखत घेणाऱ्या मॅडम माझ्याच वयाच्या असतील. चष्मा डोक्यावर सरकवलेला. शेजारी एक वयस्कर गृहस्थ, ते संस्थेचे विश्वस्त. आम्हाला दोन खुर्च्या दिल्या. मोटर जळली तर काय कराल, गॅसचा वास आला तर, फाटकाशी कुणी उगाच रेंगाळत असेल तर. सगळ्याची उत्तरं मी धडाधडा दिली. मॅडम मान हलवत होत्या. मला आतून उकळ्या फुटत होत्या. जमतंय, जमतंय!

मग तो प्रश्न आला. “हे बघा, मुलींचं वसतिगृह आहे. कधी कुणी आजारी पडतं, कधी स्वयंपाकाच्या मावशी येत नाहीत. ठरलेल्या वेळेपेक्षा जादा थांबावं लागेल. चालेल?”

“हो मॅडम, कितीही!” मी पिशवीतून शाल काढून टेबलावर ठेवली. “हा बघा माझा सत्कार. जादा वेळ काम केल्याबद्दल.”

“वा!” विश्वस्तांनी शालीचा काठ चाचपून बघितला.

मॅडम म्हणाल्या, “छान. काय काय करायचात जादा वेळात?”

इतकी वर्षं मला हे कुणी विचारलं नव्हतं. थांबाल का, एवढंच विचारायचे. मी उत्साहानं सुरुवात केली. “मॅडम, सगळ्या पोरांच्या चपात्या. एकदा गोवर आला, तेव्हा पोरांची अंथरुणं धुतली. एक पोरगं रात्री भ्यायचं, त्याला थोपटून निजवायचं. मुलींच्या डोक्यातल्या उवा...”

उवांपाशी मी अडकलो. मी कधी कुणाच्या उवा काढल्या होत्या? मी चपाती तरी कधी लाटली होती? बायको पंख्याकडं बघत होती. बंद पंख्याकडं. तिनं मला अडवलं नसतं. मी पुढं बोलत राहिलो असतो तर ती तशीच बघत राहिली असती, आणि नोकरी बहुधा मिळाली असती.

“मॅडम,” मी म्हणालो, “हे सगळं हिनं केलंय.”

“म्हणजे?”

“नेमणूक माझी होती. ही कामाला नव्हतीच. पण जादा जे काही झालं ते हिनं केलं. शाल मला मिळाली.”

“मग तुम्ही काय करायचात?”

“मी हो म्हणायचो.”

बायकोनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, रडतीय. ती हसत होती. खांदे हलत होते. तिचं बघून विश्वस्तही हसायला लागले. माझे कान तापले होते, पण डोक्यावरची मोळी कुणीतरी उतरवल्यासारखं वाटत होतं. नोकरी गेली हे मला दिसत होतं आणि तरी खुर्चीतून उठून नाचावंसं वाटत होतं. असं कसं होतं, मला सांगता येत नाही.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि खुर्ची तिच्याकडं वळवली. “ताई, तुम्ही सांगा. तुम्ही थांबाल?”

तिनं सवयीनं माझ्याकडं बघितलं. मी शालीकडं बघत राहिलो.

“थांबीन की,” ती म्हणाली. “पोरी हायेत. त्येंना काय उपाशी ठिवायचं व्हय? पन मला इचारायचं. यांना न्हाई. आन मी थांबले तर हजेरी माझ्या नावावर लावायची.”

“बरोबर आहे.”

“आन आईतवारी दुपारी न्हाई थांबनार.”

“का? कुठं जायचं असतं?”

“कुटं न्हाई. झोपायचं. लई वर्सं झाली, दिवसाची झोपले न्हाई म्या.”

ही गोष्ट मला माहीत नव्हती. एकत्र संसार केला, एकत्र ऊस तोडला, आणि हिला रविवारी दुपारी झोपायचंय हे मला सावेडीत, परक्या माणसांसमोर कळलं.

मॅडम हळूच म्हणाल्या, “मलाही झोपायचं असतं हो.” मग म्हणाल्या, “कळवतो.”

लेक फाटकाबाहेर थांबली होती. सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. “पप्पा! असं सांगतात का मुलाखतीत?”

“तूच म्हनली ना, लगेच हो म्हनू नका?” बायकोनं तिलाच सुनावलं. तेवढ्यात ऑफिसातला शिपाई पळत आला. “काका, तुमची शाल राहिली.” मी हात पुढं केला नाही. बायकोनंच घेतली. “आना हिकडं. बाप्याची जात, जिनसा सांभाळाया बी आमीच.”

मग आम्ही तिघांनी गाड्यावर भेळ खाल्ली. मी खूप बोललो. लेक म्हणाली, पप्पांना काय झालंय? शेडमधली बुंदी, मोळ्या, सगळं मी सांगत सुटलो. बायको भेळेतला कांदा वेचून खात होती. मधेच म्हणाली, “मला काय म्हाईत न्हवतं व्हय? तुमी कवा बोलताय, त्येचीच वाट बघत हुते. बुंदी बी त्या दिशी जरा करपलीच हुती.”

फोन चार दिवसांनी आला, आणि तो माझ्या मोबाईलवर आला तरी मॅडम म्हणाल्या, “ताईंना द्या.” मी धावत विहिरीकडं गेलो, चप्पल वाटेत कुठंतरी राहिली. तिनं ओला हात लुगड्याला पुसून मोबाईल कानाला धरला. व्हय. व्हय. आईतवार? बरं. एवढंच बोलली आणि मोबाईल मला देऊन घागर उचलली. दोन पावलं गेली, घागर खाली ठेवली, आणि तिथंच बसून मोठ्यांदा हसायला लागली.

आता आम्ही त्या दोन खोल्यांत आहोत. पहिल्या रविवारी जेवणं उरकली, लेक अभ्यासाला वर गेली. खिडकीला पडदा नव्हता, ऊन थेट कॉटवर येत होतं. बायकोनं पेटीतून शाल काढली, खिडकीला दोन खिळ्यांवर अडकवली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. मी उंबऱ्यावर बसलो. कसली राखण करत होतो देव जाणे.

आणि आलीच कुणीतरी. दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी. “काका, मावशींना पाठवता? पालक आलेत, चपात्या कमी पडल्यात. स्वयंपाकाच्या मावशी गेल्या.”

हो. शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. सगळ्या आयुष्याची सवय.

“मावशी झोपल्यात,” मी म्हणालो. “मी येतो.”

“तुम्हाला चपात्या येतात?”

“नाही.”

मी चपला घातल्या. आतून आवाज आला, झोपेनं जड झालेला.

“कनकीत मीठ घाला. आन पानी येकदम वतू नका.”

मी दार हळूच ओढून घेतलं.