तिसरी सुई

गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात शहाद्याच्या सरकारी दवाखान्यात मला साखरेचं पाणी पाजलं. मी भाकरी खाऊन गेले होते. सिस्टर म्हणाल्या, चालतं. दोन तासांनी रक्त घेतलं. साखर वाढलेली निघाली.

हे ऐकताच नवऱ्याने थोबाडीत मारली. "तुन्हा बापनी साखर लपाडीसन पोर दिधी!" माझा आजार लपवून लग्न लावलं, असं त्याला वाटलं. दुसऱ्या सकाळी त्यानेच मला उपाशीपोटी खासगी लॅबमध्ये नेलं. एकदाच रक्त घेतलं, रिपोर्ट चांगला आला. आता दवाखान्याचं नाव काढायचं नाही, असं त्याने बजावलं. मी "पण डॉक्टर" एवढंच म्हटलं, तर गरम वरणाचं पातेलं अंगावर आलं. पाय भाजला.

माहेराहून, धानोऱ्याहून आई आली, तेव्हा आम्ही दोघी गुपचूप दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. "पहिली तपासणी खाऊन आलेल्या बाईचीही करता येते. नुसती उपाशीपोटीची पुरत नाही. गरोदरपणात ती नीट येते आणि खाल्ल्यावर साखर चढते, असं पुष्कळ जणींचं होतं. उद्या उपाशी या. एकदा तसंच, मग साखरेचं पाणी पाजून तासातासाने दोनदा, असं तीनदा रक्त घेऊ."

दुसऱ्या दिवशी दोन सुया झाल्या होत्या. बाकावर बसलो होतो, तोच नवरा आला. त्याने केस धरून मला खाली ओढलं आणि तोंडावर बुक्की मारली. मी पोटाभोवती हात आवळून वाकले. लाथा पाठीत बसत होत्या. आईने स्टीलचा डबा त्याच्या डोक्यात घातला. लोकांनी त्याला ओढत बाहेर नेलं.

ओठाला टाके घालताना सिस्टर म्हणाल्या, "रक्त उद्या घेऊ."

"उद्या मी जित्ती ऱ्हासू का?" मी हात पुढे केला. "आतेच ल्या."

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "तिसरा आकडा माराच्या धक्क्यानेही चढला असेल. पण दुसरा त्याआधीचा आहे, आणि तोही जास्तच आहे." म्हणजे ती सुई टोचली नसती तरी चाललं असतं.

तिथूनच आम्ही पोलिसांत गेलो, मग धानोऱ्याला. आई रोज मला इन्सुलिन टोचायची. नवरा त्याच्या भावांना घेऊन आला, तेव्हा वडील कुऱ्हाड घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. नवरा आणि त्याचे भाऊ परत गेले.

मुलगी झाली. जन्मताच तिची साखर खाली गेली, म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीच्या भोकातून मी बोट आत घातलं. तिने ते इतकं घट्ट धरलं की सिस्टरना सोडवावं लागलं.