भिंतीनं खाल्लेला डबा

सांगा सांगा म्हणून त्या पुण्याच्या मॅडमनी डोकं उठवलंय. मला नाही असली हौस! पण विद्यापीठाच्या लायब्ररीमागच्या भिंतीचं असं आहे, की एक गोष्ट ओढली की मागून चार घरंगळतात. एकदाच सांगतो. परत विचारायचं नाही.

*

मी आणि याकोब, दोघं तिथं माळी. भिंत पहिल्यांदा पाहिली तेव्हा याकोब म्हणाला, "सिमिट कमी पडलं जनू!" सगळी भिंत चौकोनी भोकांची. हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी खोल. एका साहेबानं सांगितलं, ही नवी पद्धत आहे, ऊन अडतं, वारं येतं.

चैत्रातल्या दुपारी याकोब तिला पाठ टेकून बसला. सदऱ्याची बटणं सोडली, डोळे मिटले.

"बांधनाऱ्यानं आपली पाठ बघूनच बांधलीय रं!"

*

मग ज्याचा त्याचा कोनाडा ठरला. भाकरी, तंबाखू, खुरपं, सगळं त्यात. दुसऱ्याच्या कोनाड्यात हात घालायचा नाही!

एका नव्या शिपायानं याकोबच्या कोनाड्यात चपला ठेवल्या. याकोब चर्चला जाणारा माणूस. पण त्यानं चपलांना झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली आणि शिपाई आल्यावर हात जोडले. "तुमच्या देवाचं दर्शन झालं. आता देव हलवा!"

*

आमची घरची तिथंच खुरपणीला यायची. मॅडमनी विचारलं, "आजींचं नाव काय?" म्हटलं, "घरची." तेवढं पुरे!

तिच्या माहेरचा पितळी डबा माझ्या कोनाड्यात असायचा. दुपारी दोघं भिंतीला टेकून खायचो. मी म्हणायचो, "चटणीत मीठ कमी हाय."

ती म्हणायची, "भिंतीनं खाल्लं आसंल."

*

पुढं एका साहेबाला लायब्ररीत एसी हवा झाला. मेव्हणीच्या लग्नाला घरची आधीच पुढं गेलेली, मागून मीही मिरजगावला गेलो, रिकामा डबा कोनाड्यातच. परत येतो तर भोकं विटांनी बुजवलेली, वर प्लास्टर, त्यावर ऑइलपेंट!

"साहेब, माझा डबा आत ऱ्हायला."

"मग काय, डब्यासाठी भिंत फोडू?"

घरी सांगितलं, तर ती उसळली. "मिरजगावच्या यष्टीत इसरला, सरळ सांगा की! भिंत डबा खाती व्हय?"

शपथा घेतल्या. काही उपयोग नाही. तेव्हापासून घरात काडेपेटी सापडेना, "भिंतीत बघा." फणी सापडेना, "भिंतीत." शेवटच्या दुखण्यात तिचा चष्मा हरवला. मी खाटेखाली शोधतोय, आणि ती उशीवरनं हसतेय. बोलायला दम नव्हता, तरी भिंतीकडं बोट केलं!

*

आता या मॅडम आल्या, जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या. "बाबा, तुमची भिंत त्या काळातली फार मॉडर्न आहे. सगळी पहिल्यासारखी मोकळी करणार."

याकोब केडगावहून काठी टेकत आला. त्यानं एकच विचारलं, "पाठ कधी टेकायची?"

मी गवंड्याला ठासून सांगितलं, "हाच माझा कोनाडा." सगळे गोळा झाले. वीट निघाली. आत पालीची अंडी!

याकोब म्हणाला, "वहिनीच खऱ्या हुत्या म्हनायच्या."

मी सरळ घरची वाट धरली.

*

मग एका सकाळी खालच्या ओळीत गवंड्यानं हात घातला आणि खण्णकन वाजलं. डबा! हिरवा पडलेला, पण झाकण जागच्या जागी. ओळ मीच चुकलो होतो.

घरी नेऊन चिंचेनं घासला. दुसऱ्या दिवशी सुनेकडून भाकरी-चटणी भरून घेतली आणि आणून कोनाड्यात ठेवला. दुपारी आम्ही दोघं म्हातारे पाठ टेकून बसलो. वारं येत होतं. चटणीत मीठ अगदी बरोबर होतं.

याकोब घास तसाच धरून बसला. "चुकलो गड्या. माफी मागतो. वहिनींच्या वतीनं बी मागतो."

"तुझी घेतली," म्हटलं. "तिची मागनारा तू कोन? जिनं मागायची तिनंच मागावी. हिराबाईनं!"