अकरा मिनिटं उशिरा येणारा ग्रह

आमची नात स्वप्नाली राहते कुळगावात आमच्याकडे आणि अभ्यास करते आपल्या सूर्याशी काही संबंध नसलेल्या एका ग्रहाचा. वांगणीला एका शेतावर कॉलेजची दुर्बीण आहे. ग्रह त्याच्या ताऱ्यापुढून गेला की ताऱ्याचा उजेड जरासा कमी होतो, ती वेळ स्वप्नालीचा लॅपटॉप टिपतो. अशा वेळांवरून ग्रहाची कक्षा निघते, आणि तारा किती तापलाय, ग्रह किती जवळ आहे, यावरून ग्रहाचं तापमान. तेराशे अंश निघालं. तिथलं वर्ष साडेतीन दिवसांचं. त्या हिशेबानं माझं वय आठ हजारांवर जातं. माझी बायको अंजनी म्हणाली, "तरी अक्कल यायची आहे."

तर हा ग्रह सहा वेळा अगदी वेळेवर आला, आणि मग लागोपाठ दोनदा उशिरा. स्वप्नाली हरखली. म्हणाली, दुसरा कुठला तरी न दिसणारा ग्रह याला ओढतोय. सोमवारी सरांसमोर मांडायचं होतं. त्यांना पटलं तर पीएच.डी.ला जागा पक्की.

रविवारी जेवताना मी विचारलं, "उशीर किती?"

"अकरा मिनिटं."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा, आजोबा."

मी भाकरी ताटात ठेवली. अंबरनाथच्या कारखान्यात होतो तेव्हा फाटक बंद झालं की खाडा पडायचा. तेव्हापासून आमच्या घरातलं प्रत्येक घड्याळ अकरा मिनिटं पुढे असतं. लॅपटॉपमधलं तेवढं राहिलं होतं, ते पंधरा दिवसांपूर्वी मीच पुढे केलं. पुन्हा पुन्हा मागे सरकत होतं, म्हणून आपोआप वेळ लागायचं बटणही शोधून बंद केलं.

हे सगळं मी तिला सांगितलं.

"घर कमी पडलं यांना," अंजनी म्हणाली, "आता आभाळालाही लवकर निघायला लावलं."

स्वप्नालीनं उठून लॅपटॉपचं घड्याळ खऱ्या वेळेशी ताडलं. अकरा मिनिटं चार सेकंद पुढे. शेवटच्या दोन नोंदींतून तेवढी वजा केल्यावर ग्रह आठही वेळा वेळेवर आला. दुसरा ग्रह गेला.

सोमवारी तिनं तेच सांगितलं. सर म्हणाले, "कागदावर मांडलेला ग्रह स्वतःच खोडणारी विद्यार्थिनी मला चालेल." जागा मिळाली.

अहवालात चूक कशामुळे झाली, त्यापुढे तिनं 'आजोबा' असं लिहिलंय. त्या पानाची झेरॉक्स मी उल्हासनगरहून लॅमिनेट करून आणली.