हौशीरामभाऊंचा वाटाड्या

एसटीतून नारायणगावात उतरलेल्या नवख्या माणसाला कुठं जायचं ते कळलं नाही, की तो स्टँडासमोरच्या पानटपरीवर यायचा. टपरी हौशीरामभाऊंची. दात दुखतो, सातबाऱ्यावर नाव चढवायचंय, गाय गाभण राहत नाही, मुलीचं जमवायचंय, काहीही असो, भाऊ कात लावता लावता पत्ता सांगत. पण त्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला.

"कुणाचा रं तू?"

मग गाव, आळी, मामा कुठला, आत्या कुठं दिली, एवढं सगळं निघायचं. "म्हंजे तू त्या अमक्याचा भाचा. मग तो दाताचा डॉक्टर तुला चुलतमामा लागतो की राव! जा तिकडं, माझं नाव सांग." माणूस जायचा आणि त्याचं काम व्हायचं. काम डॉक्टरच्या हुशारीमुळं व्हायचं की मामेपणामुळं, हे कुणी तपासलं नाही. आपल्याकडं काम होण्याशी मतलब.

माझं झेरॉक्सचं दुकान टपरीला लागूनच आहे. त्यामुळं भाऊंना मी रोज ऐकलेलं आहे. माणूस लोभी नव्हता, कुणाकडून चहासुद्धा घेत नसे. फक्त आपल्याला सगळं कळतं, असं त्यांना वाटे. आणि तसं वाटायला आम्हीच मदत केली होती.

गुडघे धरल्यावर भाऊंनी टपरी पोराच्या स्वाधीन केली. त्याच सुमारास माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका शेतकरी कंपनीचं ऑफिस आलं. सभासदांकडून टोमॅटो घ्यायचा आणि बाहेर पाठवायचा, हा त्यांचा धंदा. सभासदांना सल्ला द्यायला त्यांनी फोनवर एआय बसवलं. एक नव्हे, पाच. एक पिकाच्या रोगाचं, एक बाजारभावाचं, एक जनावरांचं, एक पंप-विजेचं आणि एक सरकारी योजनांचं. इंग्रजीत त्यांना एजंट म्हणतात. नारायणगावात एजंट म्हटलं की लोक आधी खिशावर हात ठेवतात, म्हणून कंपनीनं त्यांना 'जाणकार' असं नाव दिलं. आणि या पाचांच्या पुढं उंबऱ्यावर बसवला वाटाड्या. तो स्वतः सल्ला देत नाही. फोन आला की ऐकायचं आणि योग्य जाणकाराकडं धाडायचं, एवढंच त्याचं काम.

हे सगळं सांभाळायला वृषाली नावाची मुलगी होती. शेतकीची पदवी, बोलायला चटपटीत. वाटाड्याला शिकवायचं तर आधी कुणीतरी माणसानं हजारो फोन ऐकून 'हा इकडं, तो तिकडं' असं सांगावं लागतं. तिनं चौकशी केली, तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. भाऊ वर जाऊन खुर्चीत बसले.

पहिल्याच दिवशी त्यांनी अडवलं. फोनमध्ये नुसता प्रश्न होता, माणसाचं नाव नव्हतं.

"कोण बोलतंय ते कळंना, तर मी धाडू कुठं?"

वृषालीला ते पटलं. नावामुळं आणखी माहिती मिळते, माहिती जास्त तेवढी चांगली, असं तिला शिकवलेलं होतं. तिनं प्रत्येक प्रश्नाला नाव, गाव आणि वस्ती जोडली. मग भाऊंचं गाडं सुसाट सुटलं. वाटाड्या तयार झाल्यावर दहा गावांत कौतुक झालं. भाऊ मला म्हणाले, "आता मी मेलो तरी स्टँडावर मीच बसणार."

आता कोंडाबाईंचं सांगतो. त्या आंबेगाव तालुक्यातल्या, डिंभे धरणाच्या खालच्या अंगाला घोड नदीकाठच्या एका गावच्या. वस्ती विहाराशेजारची. गोल बोलायचं कारण नाही, बौद्ध वस्ती. नवरा बाजीराव पुण्याला वॉचमन, शेत त्या एकट्या बघतात. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या रानात टोमॅटो तोडला होता. यंदा पहिल्यांदा स्वतःच्या अर्ध्या एकरात लावला. बांबू, तारा, सगळं स्वतः उभं केलं आणि कंपनीच्या सभासद झाल्या. कंपनीची अट अशी, की फवारणी जाणकाराला विचारूनच करायची. दुकानातून भलतंच औषध आणून मारलं तर माल परत.

भादव्यात आठ दिवस ढगाळ हवा धरली आणि पानांवर काळे डाग आले. कोंडाबाईंनी फोन लावला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, वस्ती सांगितली. मग म्हणाल्या, "टमाट्याची पानं काळी पडाया लागलीत, खोडावर बी डाग हायेत. काय मारू?"

पलीकडून फार गोड आवाजात उत्तर आलं. आपल्यासाठी शिलाई मशीनची योजना आहे, विहिरीसाठी अनुदान आहे, जातीचा दाखला आहे का?

त्यांना वाटलं, आपलंच बोलणं चुकलं. दुसऱ्या दिवशी हळूहळू, शब्द सुटे करून बोलल्या. पुन्हा शिलाई मशीन. तिसऱ्या दिवशी डाग फळांवर उतरले. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं? डिंभ्याकडच्या एसटीचा काही भरवसा नाही, म्हणून त्या घोडेगावपर्यंत दुधाच्या गाडीतून आल्या आणि तिथून जीपनं नारायणगावला. पिशवीत एक फांदी होती. मी त्यांना जिना दाखवला आणि कुतूहल म्हणून मागोमाग गेलो.

वर भाऊ चहा पीत बसले होते. वृषाली कॉम्प्युटरवर होती.

"या बाई. कोणत्या गावच्या?" भाऊंनी विचारलं.

कोंडाबाईंनी गाव सांगितलं, वस्ती सांगितली.

"मग योजनेचं काम असंल तुमचं. त्यो जाणकार लई चांगला हाय. फोनवरच हुतंय सगळं, हितवर कशाला दमलात?"

"भाऊ, मी आजून तोंड बी उघडलं न्हाई," कोंडाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली.

करपा रोग. हातच्या कांकणाला आरसा कशाला, मलासुद्धा कळलं. पण वृषाली फांदीकडं बघत नव्हती, ती भाऊंकडं बघत होती. तिनं आपला फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "काका, तुमचं नाव-गाव सांगा आणि म्हणा, टोमॅटोची पानं काळी पडलीत."

भाऊ म्हणाले. वाटाड्यानं त्यांना तडक पिकाच्या जाणकाराकडं दिलं. मग तेच वाक्य कोंडाबाई बोलल्या. शिलाई मशीन.

"यंत्राचं डोस्कं फिरलंय," भाऊ म्हणाले.

"डोकं तुमचंच आहे त्याला," वृषाली म्हणाली.

खाण तशी माती. विहाराकडच्या वस्तीचं माणूस आलं, की भाऊंनी ते आयुष्यभर योजनांच्या ऑफिसकडंच वळवलेलं होतं. फोन ऐकतानाही हात तसाच वळला. तसे फोन होते मोजकेच, म्हणून वृषालीच्या लक्षात आलं नाही. वाटाड्याच्या मात्र आलं. तो चांगला विद्यार्थी निघाला.

"आवो, मी भल्यासाठीच धाडत व्हतो," भाऊ म्हणाले. "तिथं ह्यांचं काम फुकटात हुतं. कुणाचं वाईट केलं का मी?"

हे ते खरंच मनापासून बोलले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. त्याहून जास्त राग स्वतःचा आला, कारण टपरीवरचं ते 'योजनेकडं जा' मी कितीदा ऐकलं होतं आणि मलाही ते शहाणपणाचंच वाटलं होतं.

कोंडाबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्याकडं हाय की शिलाई मशीन. मागं तुमच्याकडं टमाट्याच्या रोपांची नर्सरी कुठं म्हणून इचाराया आलते, तवा तुमीच योजनेच्या हापिसात धाडलं व्हतं. मला शिवाया येत न्हाई. वर घमेली ठेवलीत." मग त्या वृषालीकडं वळल्या. "ताई, काय मारू ते सांगा. जीप जाईल माझी."

वृषालीनं फांदीचे फोटो पिकाच्या जाणकाराला स्वतः दाखवले. औषध कळलं, ते त्यांच्या हातात दिलं. त्याच दिवशी तिनं वाटाड्याच्या शिकवणीतून सगळी नावं, गावं, वस्त्या काढून टाकल्या आणि भाऊंना विनंती केली, की नुसते प्रश्न ऐकून पुन्हा सांगा. चूक तिचीही होती, हे तिनं तोंडानं कबूल केलं. पदवीवाली माणसं सहसा करत नाहीत.

भाऊ आले, नाही म्हणाले नाहीत. खुर्चीत बसले. पहिला प्रश्न लागला, पानं पिवळी पडलीत, काय करू?

"कुणाची?" भाऊ म्हणाले.

"टोमॅटोची, काका."

माणूस दिसला की त्यांना उत्तर दिसायचं, आता नुसतं पान दिसत होतं. चार-सहा प्रश्न त्यांनी कसेबसे वाटले, त्यातले दोन चुकले. मग घाम पुसत म्हणाले, "मला न्हाई जमायचं बाई." काम दुसऱ्यांनी पुरं केलं. भाऊ पुन्हा टपरीशेजारी स्टुलावर बसू लागले. पत्ता विचारणारे हल्ली कमीच येतात.

दसऱ्याच्या आधी कोंडाबाई माल घेऊन आल्या. टेम्पोत क्रेट थोडेच होते. ओढ्याकडची बाजू औषध पोचायच्या आधीच जळून गेली होती. क्रेट उतरेपर्यंत त्या टपरीच्या सावलीत उभ्या राहिल्या. भाऊंनी स्टूल त्यांच्याकडं सरकवलं. या खेपेला त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"माल कसा निगाला, कोंडाबाई?"

"निम्मा."

कोंडाबाईंनी क्रेटवरून नजर काढली नाही.

"येवढं आधी इचारलं असतं ना भाऊ," त्या म्हणाल्या, "तर सगळा निगाला असता."